खोली नंबर चौदा

कागदावर लिहिलंय एकशे ऐंशी चौरस फूट.
मी कधी मोजली नाही. मला ती चार पथाऱ्यांची आहे,
पाहुणा आला तर पाच,
पाचव्यानं पाय दुमडायचे.

चाळ महापालिकेची, घोरपडे पेठेत.
नवरा झाडूखात्यात, म्हणून खोली.
तो गेला तसा पगार गेला, खोली राहिली.
भाडं अडतीस रुपये, पावती गुलाबी.
एकोणतीस वर्षांच्या पावत्या डालड्याच्या डब्यात.
त्यातलं एक साल उंदरानं खाल्लं,
ते साल मला अजून नडतं.

दिवाळीआधी नोटीस चिकटवली नळाच्या भिंतीवर:
राहणाऱ्यांनी खोली विकत घ्यावी.
एक लाख बारा हजार, तीन हप्ते.
गजराबाईनं मोठ्यानं वाचली, मग परत वाचली,
आकडा उतरेल म्हणून.

मला निराधारचे पंधराशे येतात.
पाच तारखेला यायचे ते वीसला,
कधी तीन महिन्यांचे एकदम,
तेव्हा मी श्रीमंत असते शुक्रवारपर्यंत.

तहसीलच्या बाई म्हणाल्या, दाखला कशासाठी?
म्हटलं, दोन पाहिजेत.
एक पेन्शनसाठी: हिच्याकडं काही नाही.
एक खोलीसाठी: ही हप्ते फेडेल.
बाईंनी चष्मा वर सरकवला.
"मावशी, बाई एकच ना तुम्ही?"

एकच. पिशवीही एकच.
तिच्यात आधार, तिच्यातच निराधार,
वरून मेथीची जुडी.

खरं सांगायचं तर मंडईमागं मी लसूण सोलते,
हॉटेलवाल्यांचा, किलोवर.
ते कुठल्याच अर्जात नाही.
तहसीलला जाताना राखेनं हात घासले,
वर लिंबू चोळलं.
दाखल्याला वास लागला असता तर
दोन्हीकडून गेले असते.

भिशी माझी नव्हती त्या महिन्यात.
अवघड्यांच्या सुनेची होती, तिनं पुढं ढकलली,
म्हणाली, मला फ्रिज काय, उन्हाळ्यात.
उरलेल्यासाठी कानातलं.
कान आता हलके लागतात, वाऱ्याचं कळतं.

समोरच्या सोसायटीतले काका गेटाशी म्हणाले,
टॅक्स आमचा आणि घरं यांची.
मी काही बोलले नाही.
त्यांचं चेंबर तुंबलं त्या रात्री
कोण उतरलं होतं आत,
ते चेंबरला माहीत आहे.

नोंदणीच्या दिवशी मशीन अंगठा घेईना.
पुसा, फुंका, जोरात दाबा, हळू दाबा.
झाडूनं नवऱ्याच्या रेषा खाल्ल्या, लसणानं माझ्या.
पोरगा एकेक बोट धरून लावत गेला,
मागं रांग चुळबुळत होती.
शेवटी लाल दिव्याचा हिरवा झाला
तो डाव्या करंगळीला.
म्हणजे खोली नंबर चौदा
माझ्या डाव्या करंगळीच्या नावावर आहे.
तिला मी त्या दिवशी भाकरी थापू दिली नाही.

आता वरच्या खुड्यांची मोरी माझ्या चुलीवर गळते.
वॉर्ड ऑफिसात गेले, सवयीनं म्हटलं,
साहेब, तुमचं छत गळतंय.
साहेब हसले. "आमचं कुठलं आता?"
जिना उतरताना मलाही हसू आलं,
मग तिसऱ्या पायरीवर गेलं.
मिस्त्री चार हजार सांगतो.
पातेलं लावलंय. रात्री ते भरतं,
मी उठून ओतते, परत लावते,
आणि अंधारात खुड्यांना नाही,
महापालिकेला नाही,
सगळ्या शिव्या स्वतःलाच घालते, मालकिणीला.

पुढच्या महिन्यात हयातीचा दाखला.
जिवंत आहे हे सांगायचं, ते जमेल.
खाली एक रकाना आहे:
राहते घर, स्वतःचे की भाड्याचे?
गजराबाई म्हणते, कोरा सोड, कोण बघतंय.
अर्ज डालड्याच्या डब्यावर ठेवलाय,
उंदराला पोचेल असा.